हद्दीच्या दगडापलीकडचे दोन गुंठे

आमच्या घरापुढून एक रस्ता जातो. बैलगाडीला बैलगाडी जेमतेम ओलांडेल एवढाच. आम्ही जागा घेतली तेव्हा त्या रस्त्याच्या बारामतीकडच्या बाजूला गुंठ्याचा जो भाव होता, त्याच्या निम्माही भाव माळाकडच्या बाजूला नव्हता. माती तीच. मुरूम तोच, बाभळी त्याच, पश्चिमेचं वारं दोन्हीकडं सारखंच लागतं. मी चौथीपर्यंत शिकलो, पण जमीन मी सगळं आयुष्य बघत आलोय, आणि मला त्या दोन बाजूंत काडीचा फरक दिसला नाही. फरक माझ्या बायकोनं बघितला, आणि पुढं तिनंच तो अंगावर घेतला. ती गेली त्याला हा दुसरा उन्हाळा. निमगाव केतकीला दिलेली आमची मुलगी म्हणते, आबा, आईचं काहीतरी लिहून ठेवा. मी लिहायला बसलो की सारखा तो रस्ताच आडवा येतो, म्हणून त्याचंच लिहितो.

आम्ही मूळचे सणसरच्या बाजूचे. मेंढरंवाले. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचं, कोकणाच्या वाटेला लागायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं. बापानं तेच केलं, मीही निम्मं आयुष्य तेच केलं. ह्या चालीत बाप्ये मेंढरांमागं, आणि मुक्काम कुठं टाकायचा ते बायकांच्या हातात. त्या घोडी धरून पुढं जायच्या, जागा बघायच्या आणि जिथं पाणी हाताशी असेल तिथं चुलीचे तीन दगड मांडायच्या. पाणी आमचं स्वतःचं कधीच नसायचं. कुणाची विहीर, कुणाचा पाट. मागायचं आणि भरायचं. शेतकरी नाही म्हणायचा नाही, कारण रात्री आमची मेंढरं त्याच्या रानात बसायची आणि त्याला फुकट लेंडीखत मिळायचं. वर तो ज्वारीही द्यायचा. त्यात कुणी कुणाच्या उपकारात नसायचं.

पण हंडा वाहायचा तो बायकांनीच. माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून वाहिला. घाट चढताना वाहिला, पोटुशी असताना वाहिला. पुढं तिचा उजवा खुबा दुखायला लागला. दवाखान्यात दाखवायला म्हणून मी तिला बारामतीला घेऊन आलो, तेव्हा आम्ही एका ओळखीच्या कारकुनाच्या घरी टेकलो. त्या घरच्या बाईनं आम्हाला पाणी द्यायला एक फुलपात्र विसळलं. त्यासाठी तिनं नळ सोडला, विसळून झालं तरी तो तसाच चालू ठेवून माझ्या बायकोशी दोन शब्द बोलली, आणि मग बंद केला. बस्स, एवढंच. पण आमची मंडळी येष्टीत बसल्यापासून घरी येईपर्यंत तेच बोलत होती. डॉक्टर काय म्हणाला ते तिच्या ध्यानातच नव्हतं. घरी आल्यावर मला म्हणाली, "मला सोनं नगं, बंगला नगं. माझ्या दारात नळ पायजे. आन त्यो मी चालू ठिवून बोलणार."

मी हसलो. ती हसली नाही.

पुढं मेंढरं विकली. रानातला माझा हिस्सा धाकट्या भावाला दिला, त्यानं त्याचे पैसे दिले. बारामतीत तेव्हा नवी औद्योगिक वसाहत वाढायला लागली होती, तिथं एका गोदामावर मला वॉचमनची नोकरी मिळाली. भाड्यानं एक खोली घेतली आणि सुट्टीच्या दिवशी जागा बघायला लागलो.

जागा दाखवणारा एजंट काटेवाडीच्या बाजूचा होता. तरुण पोरगा, बोलायला गोड, लुनावर फिरायचा. लुनावर तीन माणसं बसत नाहीत, म्हणून तो गाडी सावकाश चालवायचा आणि आम्ही मागनं चालायचो. त्यानं आम्हाला कालव्याकडची काळी जमीन दाखवली, येष्टी स्टँडजवळची दाखवली, कॉलेजच्या अंगाची दाखवली. मी जागा बघायचो ती मुक्कामाची बघतात तशी. उंचावर आहे का, ओल धरते का, वारं कुठनं येतं, चारी बाजूंनी वाट मोकळी आहे का. कालव्याकडची काळी जमीन मी मुठीत धरून बघितली आणि म्हणालो, ऊस झकास येईल. एजंट म्हणाला, "आबा, तुमी घर बांधणार का ऊस लावणार?" काळ्या मातीत भिंती तडकतात हे मला त्या पोरानं सांगितलं.

बायकोची रीत वेगळी. जागा बघायला गेलं की ती प्लॉटकडं बघायचीच नाही. शेजारचं एखादं घर गाठायची, दारात उभी राहायची आणि प्यायला पाणी मागायची. पाणी प्यायची, चार गोष्टी विचारायची आणि परत यायची. दोनतीनदा असं झाल्यावर एजंट वैतागला. "मावशी, तुमी पिलाट बघाया आलाय का पाणी प्याया?"

"तान लागल्याबिगर पिलाट कसं कळल?" ती म्हणाली.

पण तिला कळत होतं. स्टँडजवळच्या घरात बाईनं तांब्या भरून आणला आणि वर विचारलं, आणखी देऊ का. तिथं दोन्ही वेळ नळ येत होता, आणि तिथला भाव आम्ही ऐकूनच परत फिरलो. कॉलेजकडं पाणी एक वेळ यायचं, तिथला भाव थोडा खाली. एका वस्तीत गेलो तिथं गुंठा अगदी स्वस्त होता, आणि तिथल्या बाईनं अर्धा पेला पाणी दिलं आणि म्हणाली, राग मानू नका, टँकर आला नाही काल. बिचारीचा चेहरा एवढासा झाला होता. माझ्या बायकोनं त्यातलंही निम्मंच पिऊन पेला परत दिला.

मी एजंटला सरळ विचारलं, की बाबा, जमीन सगळी एक, मग हा भाव ठरवतो कोण? तो लुनावर बसल्या बसल्या म्हणाला, की सायेब लोक राहायला आले की भाव चढतो, आणि भाव चढला की सायेब लोक येतात. ह्यातलं आधी काय आणि नंतर काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. खोटं बोलला नाही, म्हणून मला तो आवडला.

शेवटी त्यानं आम्हाला ह्या रस्त्यावर आणलं. कडेला चुना फासलेला एक दगड होता. तो म्हणाला, "ह्या दगडापतुर नगरपालिका. नळ हितपतुर."

"आन फुडं?" बायकोनं विचारलं.

"फुडं ग्रामपंचायत. फुडच्या सालाला तितंबी येतुया नळ."

"कुणाच्या फुडच्या सालाला?"

एजंटनं लुना स्टँडला लावली आणि भाव सांगायला लागला. 

आमच्या पैशात माळाच्या बाजूला दोन गुंठे येत होते. बारामतीच्या बाजूला पुरा एकही आला नसता, आणि अर्धा गुंठा कुणी विकत नाही. आम्ही दोघं त्या दगडापाशी बराच वेळ उभे होतो. समोरच्या घराच्या अंगणात नळ दिसत होता. एक बाई बादली भरत होती. मी बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आम्हा दोघांच्या मनात एकच आलं, कारण आम्ही दोघं एकाच चालीत वाढलेलो. पाणी तर समोरच आहे. मुक्काम टाकायला माणसाला आणखी काय लागतं? मागायचं आणि भरायचं. आजवर कुणी नाही म्हटलं होतं?

म्हणून आम्ही रस्त्याच्या अगदी कडेचे, दगडासमोरचे दोन गुंठे घेतले. विटांची एक खोली बांधली, वर पत्रा. दार तिनं नळाच्या दिशेला काढायला लावलं.

समोरच्या बाईला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. नवरा कुठल्याशा कचेरीत होता. भली बाई. पहिल्या दिवशी माझी बायको हंडा घेऊन दारात गेली तेव्हा तिनं विचारलंसुद्धा नाही, नळाखाली पाट सरकवून दिला. म्हणाली, मावशी, सकाळी तासभर येतं, आधी तुमचं भरत जा, माझं टाकीत चढतंच आहे. रस्ता ओलांडला की पाणी. बायकोचा खुबाही जरा बरा वाटायला लागला. रोज सकाळी दोघी नळापाशी बोलत बसायच्या, कधी लेकीबाळींचं, कधी नुसतंच. वहिनींना आमच्या कोकणच्या गोष्टी ऐकायला आवडायच्या.

पण बायकोला आत कुठंतरी टोचत होतं. फुकटचं पाणी तिनं कधी भरलं नव्हतं. ती शेंगा न्यायची, हुलगे न्यायची, वहिनी ठेवून घ्यायच्या आणि उलट डब्यातून काहीतरी द्यायच्या, म्हणजे पुन्हा ते फिटायचंच नाही. ती म्हणायची, "तिच्या रानात मेंढरं बसवली असती तर बरोबरी झाली असती." मी म्हणायचो, तिला कुठलं रान, चार कुंड्या अन् एक लिंबाचं झाड. ती म्हणायची, झाडाला खत लागतच की.

दिवाळी झाली आणि तिच्या भावाचा निरोप आला की मेंढरं कोकणच्या वाटेला लागलीत. मला न विचारता तिनं त्याला उलटा निरोप दिला, की एक मुक्काम आमच्या दारात टाक. वहिनींना तिनं विचारलं होतं, की तुमच्या परसात थोडं खत टाकते, चालेल ना. वहिनींना वाटलं पाटीभर खत. त्या म्हणाल्या, टाका की.

त्या गल्लीत तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. दिवस मावळताना माझा मेहुणा आला आणि त्यानं वाघर लावली, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. वहिनींच्या परसापासून कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत मेंढरंच मेंढरं. सकाळी गल्ली उठली तर दारात घोडी, घोड्यांवर कोंबड्या, तीन दगडांवर चहा. लहान पोरं कोकरं उचलून पळत होती. वहिनी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आल्या, बघत राहिल्या आणि पोट धरून हसल्या. माझी बायको त्यांच्या लिंबाच्या बुडाशी लेंड्या सारत होती. तिच्या तोंडावर असं समाधान मी फार वर्षांनी बघितलं.

त्या गल्लीत येष्टीतला एक कंडक्टर राहायचा. उंच, बारीक, कामापुरतं बोलणारा. तो कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट त्याचा, नळही आधीच घेऊन ठेवलेला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तो प्लॉट विकूनच ते उरकायचं होतं. हे गल्लीला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. आम्ही दगडाच्या ह्या अंगाचे, आम्हाला कोण सांगणार. त्याच सकाळी तो प्लॉट बघायला पुण्याचे एक साहेब मोटारीतून आले. पांढरी गाडी. आमचं कुत्रं गाडीवर भुंकलं. एका मेंढ्यानं बंपरला शिंगं घासली. साहेबांच्या बायकोनं काच वर घेतली ती पुन्हा खाली केलीच नाही. साहेब उतरले, नाकाला रुमाल लावून कंडक्टरला म्हणाले, इथं हे नेहमी असतं का?

कंडक्टर नाही म्हणायला तोंड उघडतोय तोवर माझ्या मेहुण्यानं हात जोडले आणि मोठ्या मनानं सांगितलं, "दर सालाला बसवू की सायेब. तुमी बिनघोर ऱ्हावा."

त्याला वाटलं साहेबांना खताची काळजी पडलीय. साहेब गाडीत बसले आणि गाडी वळली.

त्या संध्याकाळी कंडक्टर आणि गल्लीतली आणखी दोन माणसं आमच्याकडं आली. मी त्यांना बाजेवर बसवलं. चहा नको म्हणाले, तिथंच मला कळलं. कंडक्टर खाली बघत बोलला. मेंढरांचं झालं ते झालं म्हणाला. पण मूळ गोष्ट पाण्याची आहे. "आबा, आमी जागंला पाण्याचा भाव दिलाय. तुमी न्हाय दिला. तुमाला दोष न्हाय. पण रस्त्याच्या ह्या अंगाला फुकाट पाणी मिळतंय म्हणल्यावर आमच्या अंगाचा गुंठा त्या भावानं कोण घील? उद्या तुमच्या मागं आणिक धा जण येतील हंडं घिऊन."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मेंढरांनी तुमची जागा खाल्ली व्हय? का आमच्या हंड्यानं तुमची टाकी आटली?"

"तुमी गप बसा," बायको आतून म्हणाली. मग बाहेर आली, पदर सावरून उभी राहिली आणि त्या तिघांना म्हणाली, की तुमचं बरोबर आहे, उद्यापासून मी नाही यायची. तिनं ते अशा साध्या आवाजात म्हटलं की ती माणसं आणखीच ओशाळली. ती माणसं गेल्यावर मी तिला बोललो, की तू भांडली का नाहीस. ती म्हणाली, "भांडू कशाला? त्यास्नी पैसं मोजून जे मिळालं ते मी मागून घेत हुते. रानाचा मालक न्हाय म्हणला की आपण बिऱ्हाड उचलतच हुतो की."

मेहुणा दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाला. जाताना मला म्हणाला, दाजी, शहरातली माणसं खताला भितात, हे मी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद. वहिनींनी एकदा मागच्या दारानं कळशी पाठवली, बायकोनं ती परत पाठवली. तुमच्या गल्लीत तुमचं वाकडं नको, असा निरोप दिला. मग राहिला हातपंप. तो माळाच्या पार टोकाला, वस्तीपाशी. मी कामावर जायच्या आधी दोन खेपा करायचो, पण माझी पाळी लांब असायची, आणि घरात पाणी दुपारीच संपायचं. ती हंड्याऐवजी कळशी न्यायला लागली. मग अर्धी कळशी. खुब्यानं पुन्हा उचल खाल्ली, पाय ओढत चालायची. मी एजंटला गाठलं, म्हणालो, आमची जागा वीक. तो म्हणाला, आबा, ज्या भावानं घेतली त्या भावानंबी कोण घेईना आता, मेंढरांची गोष्ट स्टँडपर्यंत गेलीय.

मी घरी येऊन तिला सांगितलं, की सणसरला परत जाऊ. ती भाकरी थापत होती. हात थांबवले नाहीत. म्हणाली, "तुमी जावा. मी न्हाय उठायची. जलमभर उठलेच हाय मी."



पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. मी गोदामावर होतो. तिनं सांगितलं आणि नंतर कंडक्टरनंही सांगितलं, दोघांचं सांगणं जुळतं. उन्हाळा होता, भर दुपार. कंडक्टर पहिली पाळी संपवून घरी येत होता, खाकी कपडे, खांद्याला पिशवी. तर ही त्या हद्दीच्या दगडावर बसलेली, शेजारी कळशी, पाय लांब केलेला. बाभळींची सावली धरत रस्त्याच्या त्या कडेनं हातपंपाकडनं इथवर आली होती आणि शेवटचा रस्ता ओलांडायचं तिच्यात उरलं नव्हतं.

"मावशी, उठा, दगूड तापलाय," तो म्हणाला.

"बसू द्या जरा. हद्दीवर बसल्यानं कुणाच्या जागंचा भाव पडत न्हाय."

तिला टोमणा मारायचा नव्हता, असं ती मला म्हणाली. मला तसं वाटत नाही. तिला चांगला मारता यायचा.  कंडक्टरनं पिशवी पाठीवर टाकली, कळशी उचलली आणि आमच्या दारात आणून ठेवली. परत येऊन तिला हाताला धरून उठवलं. उठवताना म्हणाला, "राग नव्हता मावशी. पोरीचं लगीन हाय. तेवढी जागाच हाय माझ्यापाशी."

ती मधेच थांबली. तिला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. "मग त्या दिशी सांगायचं न्हाय व्हय? मी भावाला बाहीरनं घालवला असता. पोरीपरीस खत मोठं हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेला त्याच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटमधल्या नळाला एक काळा पाईप लावलेला होता आणि तो रस्त्यावरून आमच्या दारात आलेला होता. गल्लीत कुणीतरी त्याला विचारलंच. तो म्हणाला, माझा नळ, माझा पाईप, जागा विकली की काढीन.  वहिनी त्यांच्या दारातून सगळं बघत होत्या, त्या दिवशी त्यांनी बायकोला मोठ्यानं हाक मारून सांगितलं की लिंबाला फुलोरा आलाय.

कंडक्टरची जागा पावसाळ्याच्या तोंडावर गेली. साखर कारखान्यातल्या एका फिटरनं घेतली. तो बघायला यायचा होता त्या दिवशी माझ्या बायकोनं सकाळपासून रस्त्यावर उभं राहून पहारा केला. दोन शेरडं वाट चुकून आली, ती तिनं दगड मारून हाकलली. सौदा झाला, लग्न झालं. लग्नात तिनं त्या मुलीला स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी दिली. मी म्हणालो, आजकालच्या मुली घोंगडी घेतात का. त्या मुलीनं घेतली आणि खांद्यावरही टाकून बघितली.

जागा गेली, म्हणजे पाईप निघणार असं आम्ही धरून चाललो होतो. निघाला नाही. फिटरनं घर बांधायला काढलं आणि मला म्हणाला, आबा, पाईप राहू द्या, कंडक्टरनं व्यवहाराच्या वेळीच बोलून घेतलंय, तुमच्याकडं नळ येईस्तवर तो हलवायचा नाही. त्यापायी कंडक्टरचा भाव थोडा उतरला का, ते मी विचारलं नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही. उतरला असणार. घेणारा माणूस असली गोष्ट फुकट कबूल करत नाही.

मग ग्रामपंचायतीची टाकी झाली आणि लाइन आमच्यापर्यंत आली. आमच्या घराशीच संपली, पुढं नाही. प्लंबरनं तोटी बसवली तेव्हा ती शेजारी पाटावर बसून होती, जशी बाळंतिणीपाशी बसतात तशी. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. तिनं एक फुलपात्र घेतलं. नळ सोडला. फुलपात्र विसळलं. मग नळ तसाच चालू ठेवून माझ्याकडं बघत बोलायला लागली, की आज कामावर डबा नेणार का, आणि भाजी काय करू. मी म्हणालो, अगं, पाणी चाललंय.

"चालू द्या वाईच," ती म्हणाली.

एक पावसाळा, एक हिवाळा आणि थोडा उन्हाळा, एवढा नळ तिला मिळाला. खुबा शेवटी बसलाच, मग ती अंथरुणाला लागली, मग ताप. पडल्या पडल्या ती सकाळी विचारायची, पाणी आलं का. मी तोटी सोडायचो आणि तिला आवाज ऐकू जाईल असा हंडा लावायचो. रिकाम्या हंड्याचा आवाज मोठा येतो. वहिनी रोज यायच्या. कंडक्टर आला, खाटेपाशी बसला. ती गेल्यावर खांदा द्यायला रस्त्याच्या त्या अंगाची सगळी गल्ली ह्या अंगाला आली होती. मी रडलो नाही, रडू नंतर आलं, एकदा सकाळी पाणी आलं तेव्हा.

आता आमच्या बाजूचा भाव बारामतीच्या बाजूच्या जवळ जवळ गेलाय, असं एजंट सांगतो. लोक म्हणतात, आबा, तुमचं नशीब.  त्या भावात काय काय आहे ते मला ठाऊक आहे आणि ते काही सातबाऱ्यावर लागलेलं नाही.

परवा तोच एजंट आला. आता मोटारसायकल घेतलीय. मागनं रिक्षानं एक जोडपं. नवरा गवंडीकाम करणारा, बायको अंगानं किरकोळ. आमच्या मागं माळाला आणखी प्लॉट पाडलेत, ते दाखवायला आणलं होतं. स्वस्तातले, कारण लाइन माझ्या घराशी संपते. ते दोघं बाप्ये जागेवर पावलं टाकत फिरायला लागले, आणि ती बाई सरळ माझ्या दारात आली. "आबा, वाईच पाणी देता का प्याया?"

 मी तांब्या भरून आणला. ती प्याली आणि तिनं विचारलं, नळ किती वेळ येतो. एवढ्यात एजंट तिथं आला आणि तिच्या मागनं मला डोळ्यानं खुणवायला लागला.

मी म्हणालो, "माझ्याकडं एक येळ येतो. तुमच्या जागंवर न्हाय येत. कवा येईल ते ह्यालाबी ठावं न्हाय अन् मलाबी."

एजंटचं तोंड उतरलं. बाईचंही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि त्या प्लॉटकडं बघितलं, मग तिथनं माझ्या तोटीपर्यंतची जमीन नजरेनं बघितली. ती काय मोजत होती ते मला कळलं.

"तवर माझ्याकडनं पाईप टाका," मी म्हणालो. "पाईप हाय माझ्यापाशी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, मालकांना विचारते. पण चालताना तिचा पाय हलका पडत होता. ते दोघं बोलत उभे राहिले आणि एजंट माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "आबा, ह्ये आधी सांगाया पायजे हुतं. मी भाव वाढवून सांगितला असता."

"म्हणूनच नंतर सांगितलं," मी म्हणालो.

तो हसला. त्यानं भाव वाढवला नाही, हेही लिहितो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

ती माणसं येत्या आठवड्यात इसाराचे पैसे देऊन जाणार आहेत. कंडक्टरनं आमचा नळ आल्यावर तो पाईप परत नेला नव्हता, राहू द्या म्हणाला होता. मी तो घरामागं गुंडाळून ठेवलेला आज काढला. उन्हानं कडक झालाय, दोन ठिकाणी चीर गेलीय. जुनी ट्यूब कापून त्या जागा बांधायला घेतल्यात. दुपारपर्यंत होईल.